बीन्सचे रिकामे डबे

एडनाकाकू गेल्यानंतर ऑर्विलकाका पहिल्यांदाच माझ्या बंदुकांच्या दुकानात आले.

"सेमी-ऑटोमॅटिक पॉइंट टू-टू रायफल दाखव पोरी. बीन्सचे रिकामे डबे ढीगभर साठलेत, कुरणाच्या कुंपणावर मांडून उडवीन म्हणतो. स्वस्तातली दे, मला काय जन्मभर वापरायचीय?"

"घरी तीन रायफली आहेत ना, काका?"

"आमच्या डेलनं साफ करायला म्हणून नेल्यात. कार्टं परत द्यायचं नावच काढत नाही."

"माझ्याकडच्या संपल्यात, काका."

"मग तुझ्यामागं भिंतीवर काय केरसुण्या टांगल्यात?"

&nbsp;

&nbsp;

त्यांच्या तिन्ही रायफली माझ्याच मागच्या खोलीत कुलपात होत्या. ठेवायला आला तेव्हा डेल एवढंच म्हणाला होता, "बाबा आईकडे जायचं म्हणतात."