मिटल्या डोळ्यांचा बाओ

"हरलीस गं पुन्हा!" फाकीने बाओच्या पाटावर थाप मारली.

हिदायाने डोळ्यांवर बांधलेला खांगा, तिची रंगीत ओढणी, ओढून काढला आणि नवऱ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं.

केमोथेरपीने तिची गाठ गेली, पण बोटांत आग ठेवून गेली. सारखे चटके, मुंग्या, आणि स्पर्श म्हणाल तर शून्य. सुई बोटात घुसली तरी कळेना; पांढऱ्या टोपीवर लाल ठिपका उमटला की मग कळे. पांगानी गावात तिच्यासारखं टोपीवर भरतकाम करणारी दुसरी बाई नव्हती. आता अर्धवट टोपी डब्यात पडून होती.

इस्पितळातल्या बाईंनी व्यायाम दिले होते. मुठी उघडायच्या-मिटायच्या, टाचा उचलायच्या, डोळे मिटून दाणे वेचायचे. "दोन की तीन, हे बोटांना कळेल तेव्हाच सुई धरा," त्यांनी बजावलं होतं.

"दाणे कसले वेचतेस? डोळे बांधून बाओच खेळ माझ्याशी," फाकी म्हणाला होता.

तेव्हापासून रोज दुपारच्या नमाजानंतर दोघं ओट्यावर बसत. पाटावरच्या एका खळग्यातले, म्हणजे घरातले, सागरगोटे उचलायचे, पुढच्या घरांत एकेक टाकत जायचं. लग्नाला तीस वर्षं झाली, लेक रुकिया मोठी झाली, पण फाकी बायकोशी कधी जिंकला नव्हता. आता रोज जिंकत होता.

"आजारी बायकोला हरवून दात काढतोस? लाज कशी वाटत नाही मेल्या!" शेजारची मोझा कडाडायची. फाकी आपला हसायचा.

हिदाया मात्र पेटली. पहाटे उठून पन्नासदा मुठी वळायची. कळ डोक्यात जायची, डोळ्यांत पाणी यायचं. "याला हरवल्याशिवाय सोडणार नाही," ती दात-ओठ खात म्हणायची. असे चार महिने गेले.

त्या दिवशी डाव रंगात आला होता. एका घरात तिची बोटं थबकली.

"इथे तीन होते."

"असतील की."

"दोनच आहेत."

खांगा न सोडताच तिने त्याचं मनगट पकडलं. मूठ उघडली. आत सागरगोटा होता.

"अगं बाई, चोर!" मोझा ओरडली.

फाकीचे डोळे भरून आले होते.

"रोज तुझ्या घरातला एक उचलतोय, रुकियाची आई. आज पकडशील, उद्या पकडशील... किती वाट बघायला लावलीस गं!"