तिसऱ्या पायरीवरची तोफ

"तोफ थंडावली की हो! उतरवा आता तिला खाली," हेडमास्तर म्हणाले आणि बशीतला चहा त्यांनी फुर्रकन ओढला.

समोर बाई उभ्या होत्या. तोफ म्हणजे चौथीतली एक मुलगी. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं तिला, पण शिक्षकांच्या खोलीत हेच चालायचं. शाळेने मदतीच्या तीन पायऱ्या केल्या होत्या. पहिलीवर सगळा वर्ग. दुसरीवर मागे पडलेल्यांचा छोटा गट. तिसरीवर, ज्यांच्यापुढे सगळ्यांनी हात टेकले ती पोरं. त्यांना रोज एकेकट्याने या बाईंचा तास.

तोफ आली तेव्हा चावायची, ओरबाडायची, आणि तोंडात तर नुसती गटार. बाई तिच्या वर्गात मागे जाऊन बसल्या, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. वाचायची पाळी जवळ आली की ही पेटते. वर्गाबाहेर हाकललं की सुटली! मग बाईंनी राग आणि अक्षरं एकाच तासाला घेतली. डोकं फिरलं की पुस्तक मिटायचं, दोघींनी मिळून भिंत ढकलायची, दम लागला की हसायचं आणि पुन्हा त्याच ओळीवर यायचं. आता ती चावत नव्हती. शिव्या गेल्या होत्या. वाचन मात्र जेमतेम सुरू झालं होतं. बोट ठेवून, अक्षराला अक्षर चिकटवत.

"सर, आत्ता कुठे वाचायला लागलीय ती. तास बंद केला तर सगळं पाण्यात जाईल."

"अहो बाई, त्रास देते का आता कुणाला?"

"नाही."

"मग झालं की! वर्गात निम्म्यांना धड वाचता येत नाही. ते घालतात का गोंधळ?" हेडमास्तरांनी दातात अडकलेलं बिस्कीट नखाने उकरलं, निरखून पाहिलं आणि पुन्हा तोंडात टाकलं. "तपासणीला येणाऱ्यांना तिसरी पायरी मोकळी दिसली पाहिजे. चला, मी येतोच फोटो काढायला. सुधारलेली मुलगी म्हणून फलकावर लावू."

बाईंना शिसारी आली. इतके महिने त्या समजत होत्या, ही मदत मुलीसाठी आहे. ती होती हेडमास्तरांच्या कानांसाठी.

मोडकी बाकं रचून ठेवलेल्या खोलीत मुलगी पुस्तकावर वाकून बसली होती. बाई टेबलापलीकडच्या खुर्चीवर बसल्या.

"ऐक. सर येताहेत. तू शहाण्यासारखी वागतेस म्हणून आपला तास बंद करायचाय त्यांना. ते आले की मला शिवी दे. चांगली सणसणीत."

मुलगी बघतच राहिली. "पण तुम्हीच म्हणाला होतात ना, की..."

"म्हणाले होते. शेण खाल्लं मी."

तेवढ्यात हेडमास्तर फोन उगारून आत आले. "हं बाळ, हास बघू!"

बाईंनी टेबलाखालून तिला पायाने ढोसलं. मुलीचे डोळे भरले.

"तुम्हाला नाही देणार, बाई," ती पुटपुटली.

"काय नाही देणार गं?" म्हणत हेडमास्तरांनी लाडाने तिचा गाल ओढला.

तिने मान वळवली आणि हेडमास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एका दमात, खणखणीत.

हेडमास्तरांचा फोनवाला हात खाली आला. चेहरा लालबुंद. "राहू दे ही अवदसा तिसरीवरच! वर्ष संपेपर्यंत!" आणि दार आपटून ते चालते झाले.

तास वाचला होता. पण बाईंना जिंकल्यासारखं काही वाटेना. खळखळून चूळ भरावीशी वाटत होती. मुलीने बाहीला नाक पुसलं, पुस्तक पुढे ओढलं आणि ती थांबली.

"बाई, माझ्या बाकावर ती बसते ना, तिलाही वाचता येत नाही. पण ती फार गुणी आहे, तोंडच उघडत नाही." मुलीने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "तिला एक शिवी शिकवू?"