खोली नंबर सात

मल्लम्मा अंबाजोगाईला दिराच्या घरी पोहोचली तेव्हा बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंजीभर कापडी पिशव्या मांडलेल्या, एकूण बेचाळीस. परवा लग्न होतं. पुण्याहून, हुबळीहून पाहुणे येणार होते आणि लॉजवर उतरल्या उतरल्या प्रत्येकाच्या हातात एक पिशवी द्यायची, असं नवरीनं, अपेक्षानं, ठरवलं होतं. पाण्याची बाटली, चिवडा, लाडू, उन्हाचे दिवस म्हणून मीठ-साखरेची पुडी, आणि कोणता विधी किती वाजता ते लिहिलेला कागद.

मल्लम्मानं चौसाळ्याहून आणलेलं बोचकं कोपऱ्यात टेकवलं, पदर खोचला आणि पिशव्यांमध्ये जाऊन बसली. नवऱ्याच्या माघारी किराणा दुकान तीच चालवायची; पुड्या बांधण्यात तिचा हात कुणी धरला नसता. मीठ-साखरेच्या पुड्या तिनं बघता बघता उरकल्या. मग म्हणाली, प्रत्येक पिशवीत चार पिना आणि सुई-दोराही टाका, लग्नाच्या धावपळीत बायांचं काही ना काही उसवतंच.

"हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, काकू," अपेक्षा म्हणाली आणि तिनं ते लगेच यादीत लिहून घेतलं. मांजरसुंब्याला गाडी बदलून, उन्हात उभं राहून आलेला सगळा शीण मल्लम्माच्या अंगातून तेवढ्यानं उतरला.

अपेक्षा तिच्याच पोटची. मल्लम्माच्या पदरात तेव्हा तीन लेकी होत्या आणि धाकट्या जावेच्या, रोहिणीच्या, पदरात एकही नाही. तिसरी दोन वर्षांची झाली तशी तिला रोहिणीच्या ओटीत घातली. पोर कळती झाल्यावर तिला हे सांगितलंही होतं. पण काकूला काकूच म्हणायचं, हे घरानं ठरवलं होतं आणि इतक्या वर्षांत ते कुणी मोडलं नव्हतं. मल्लम्मानं तर नाहीच नाही. आता लग्नाआधीच्या दोन राती पोरीच्या खोलीत, तिच्या शेजारी आपलं अंथरूण पडेल, एवढंच काय ते तिनं मनाशी धरलं होतं.

दुपारी पिशव्यांना चिठ्ठ्या बांधायचं काम तिनं अंगावर घेतलं. चिठ्ठ्या अपेक्षानं आधीच लिहून ठेवल्या होत्या. वळणदार अक्षर, नाव, गाव, लॉजमधली खोली. मल्लम्मा एकेक वाचायची आणि बांधायची. विसाव्या की एकविसाव्या चिठ्ठीवर तिचा हात थांबला. मल्लम्मा काकू, चौसाळा. खोली नंबर सात.

तिनं ती चिठ्ठी दोनदा वाचली. समोर बसलेली अपेक्षा लाडू मोजत होती. तिची मान वर झाली नाही.

रोहिणीच्या मात्र ते ध्यानात आलं. तिनं जावेला चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. घरात गर्दी फार आहे, लॉजवर एसी आहे, तुमच्या गुडघ्यांना आराम पडेल, असं बरंच काही ती सांगत राहिली. मल्लम्मा ऐकत होती. सांगता सांगता रोहिणीनंच ते सगळं मधेच सोडून दिलं.

"अक्का, तुमच्याशी खोटं कशापायी बोलू? घरात जागा हाय. पण तुमी समोर असल्या की मला तिची आई म्हणून वावरता येत न्हाई. एवढे दोन दिवस मला द्या."

पोर दिली तिथं दोन दिवसांचं काय मागतेस, असं मल्लम्माच्या ओठावर आलं होतं. पण रोहिणी हातातली चहाची गाळणी नुसतीच धरून उभी होती आणि तिच्यातून थेंब तिच्या नव्या लुगड्यावर पडत होते. मल्लम्मानं गाळणी तिच्या हातातून काढून घेतली.

"दिले," ती म्हणाली.

बाहेर येऊन तिनं आपली चिठ्ठी पिशवीला बांधली, इतरांच्या बांधल्या तशीच, आणि उरलेल्याही पुऱ्या केल्या.

सात नंबरची खोली पहिल्या मजल्यावर होती. दोन पलंग, दोन उशा. मल्लम्मा एका पलंगाच्या काठावर बसून राहिली. दिवेलागणीला हुबळीची गाडी आली आणि जिन्यावर माणसांचा गलबला सुरू झाला. हळद उद्या होती, म्हणून अपेक्षाला आज बाहेर पडता येत होतं. पिशव्या घेऊन ती स्वतः दारोदार फिरत होती. तिचा आवाज एकेका खोलीनं जवळ येत गेला.

सातव्या दारावर टकटक झाली. मल्लम्मानं दार उघडलं. अपेक्षानं पिशवी दोन्ही हातांनी पुढं केली आणि सहा दारांवर बोलून आलेलं तेच वाक्य तिच्या तोंडातून निघालं.

"या, स्वागत आहे. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

बोलून झालं आणि मग समोर कोण आहे ते तिनं पाहिलं. पिशवी दोघींच्या हातांत तशीच राहिली. पोर अडकली आहे, हे मल्लम्माला कळलं. तिला सोडवायला हवं होतं.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "लई लांबून न्हाई आले मी."

अपेक्षा काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात पुढच्या खोलीतून कुणीतरी नवरीला हाक मारली. तिनं मान हलवली आणि ती गेली. मल्लम्मानं दार लोटलं आणि भिंतीशी उभी राहिली. पलीकडं आठव्या खोलीची कडी वाजली.

"या, स्वागत आहे," एवढं ऐकू आलं. पुढचं वाक्य बराच वेळ आलंच नाही.