शरण आलेली चेटकीण

तलवारी-चेटकिणींच्या त्या जुन्या गेममधली मारामारी नवऱ्याला मिळमिळीत वाटायची, म्हणून बायकोने खपून त्यासाठी मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला. आता घायाळ झालेली चेटकीण काठी टाकायची आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून म्हणायची, "चुकलं माझं, आता नको." तिथे तलवार म्यान केली की लढाई संपायची.

नवरा खेळायला बसला. बायको त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. चेटकीण खाली बसली, बोलली.

"अगं, हा तर तुझाच आवाज, शब्दही तुझेच," तो हसला. माउसवरचं बोट जरा थबकलं. मग त्याने घाव घातला, आणि चेटकीण आडवी होईपर्यंत घालतच राहिला.

"शरण आल्यावरही मारता येतंय. एवढं राहिलं बघ तुझं."

"राहिलं नाही," दारामागची भरलेली बॅग उचलत ती म्हणाली, "तेवढं तुझ्यावर सोडलं होतं."