जाळीचे बूट

चैत्रात गुंदचा डोंगर चढायचा म्हणून पुण्याच्या वैदेहीने महिनाभर दुकानं पालथी घातली. शेवटी पिसासारखे हलके, जाळीचे बूट मिळाले.

वाट दाखवायला गावातली बाळीअक्का होती. गावाबाहेर पडताच ती थांबली. "बूट काढा, ताई. हितनं फुडं देवाचं रान हाय, अनवाणीच चढायचं."

"मग इथेच ठेवू?"

"नगा. उतरायचं पल्याडच्या गावात हाय."

वैदेही रडकुंडीला आली. नाड्यांची गाठ मारून तिने बूट गळ्यात अडकवले.

अक्काने ते तळहातावर तोलून बघितले आणि मान डोलावली.

"बूट मातर अगदी बघून आणलासा, ताई! गेल्या खेपेचं पाव्हणं जाडजूड बूट गळ्यात घिऊन निम्म्या वाटंतच बसलं."