विषयाला धरून

माणसाच्या निम्म्या दुःखांचं मूळ प्रस्तावना नीट न करण्यात आहे, हा सिद्धांत सरांनी आयुष्यभर मांडला आणि त्या दिवशी सकाळी दवाखान्यातही मांडला. फक्त तेव्हा त्यांच्या जिभेखाली थर्मामीटर होता. त्यामुळे डॉक्टरबाईंच्या कानावर पडलं ते एवढंच: "उं उंउं उं."

ताप नाही, हे बाईंना हात लावल्याबरोबर कळलं होतं. पण बाहेर बाकांवर पेशंट खोकत बसले होते आणि सरांना गप्प बसवणारं दुसरं यंत्र वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही. बाई त्यांच्याच हाताखाली निबंध शिकलेल्या. शाळेत सगळी पोरं त्यांना 'प्रस्तावना सर' म्हणायची. तोंडावर नाही, पण फार लांबूनही नाही.

थर्मामीटर निघाला.

"गुडघा ना, सर? काकू म्हणाल्या बाहेर."

सरांनी दाराकडे पाहिलं. धुरकट काचेपलीकडे बायकोची आकृती दिसत होती, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. तिला त्यांनी गुडघा सांगितला होता. गुडघा ठणठणीत होता. सांगायचं होतं ते निराळंच, आणि ते तिच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून तर "आत जागा कमी असते" असं म्हणून तिला बाहेर बसवलं होतं. दोन दिवस ते मनात मजकूर जुळवत होते. चांगले तीन परिच्छेद झाले होते. मुद्दा तिसऱ्याच्या शेवटी येत होता.

"हे बघ, बाळ," त्यांनी घसा खाकरला. "स्मरणशक्ती ही मनुष्याला लाभलेली एक अमूल्य देणगी आहे. प्राचीन काळापासून—"

"सर, बाहेर गर्दी आहे हो."

"आलोच मुद्द्यावर. प्राचीन काळापासून—"

"'पाण्याचे महत्त्व' आठवतंय का, सर? मी लिहिलं होतं, पाणी नसेल तर माणूस मरतो. आणि पेपर देऊन टाकला."

"प्रस्तावनाच नाही?"

"दहापैकी दोन दिलेत."

"दोन? सैलच सोडलं म्हणायचं तुला."

बाई पुढेही तशाच राहिल्या. पेशंट खुर्चीत नीट टेकायच्या आत निदान सांगून मोकळ्या व्हायच्या. लोक दचकायचे, पण पुन्हा त्यांच्याकडेच यायचे.

"तू मध्ये बोललीस, लय तुटली," सर म्हणाले. "पहिल्यापासून घेतो."

आणि त्यांनी खरोखरच पहिल्यापासून घेतलं. स्मरणशक्तीवरून ते हत्तीवर गेले, हत्तीवरून संगणकावर. एका बाजूला विज्ञानाची घोडदौड झाली, दुसऱ्या बाजूला माणुसकीचा ऱ्हास झाला. काचेपलीकडे कुणीतरी जोरात खोकलं. डॉक्टरबाईंनी खिशातलं लाल पेन काढलं, औषधं लिहायच्या कागदावर काहीतरी लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि कागद फिरवून सरांच्या पुढे सरकवला.

'विषयांतर. मुद्द्यावर या.'

हा शेरा सरांनी उभ्या आयुष्यात किती पोरांच्या वह्यांवर मारला असेल, देव जाणे. समोरून तो कसा दिसतो ते त्यांना आज कळलं. जरा झोंबलाच.

त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

"परवा दूध आणायला गेलो," ते म्हणाले. "येताना घर सापडेना."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"कोपऱ्यावर शिंपी आहे. त्याला विचारलं, निबंधाचे सर कुठे राहतात. त्याला वाटलं, म्हातारा फिरकी घेतोय. हसत हसत दारापर्यंत सोडायला आला. मग मीही हसलो. दूध मात्र बरोबर आणलं होतं."

हत्ती, संगणक, माणुसकी सगळे कुठल्या कुठे गेले होते.

"किती?" सरांनी विचारलं.

"काय किती?"

"गुण."

"नऊ."

"एक कुठं गेला?"

"समारोप राहिलाय." बाईंनी दाराकडे मान हलवली. "हे बघा सर, याची कारणं पुष्कळ असतात. काही गोळ्यांनी जातात, काही नाही जात. तपासण्या केल्याशिवाय मी काहीच बोलणार नाही. पण तोवर एकट्यानं बाहेर पडायचं नाही. म्हणजे काकूंना कळायलाच हवं. मी सांगू?"

"तू नको!" सर घाईघाईनं म्हणाले. "तू एका वाक्यात सांगशील."

"मग तुम्ही सांगा. पण आजच. घरी पोचायच्या आत."

सर उठले. त्यांचे ओठ हलत होते. मजकूर पुन्हा जुळवणं चाललं होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज बाहेर गेला असावा, कारण काचेपलीकडची आकृतीही उठली आणि पिशवी खांद्याला लावून दाराशी येऊन उभी राहिली. सरांचा हात कडीपर्यंत गेला, आणि मागे आला.

"गुडघ्याला एखादं मलम लिहून दे ना, बाळ," ते हळूच म्हणाले. "प्रस्तावनेपुरतं."