मासेवाल्याचा पहिला मासा

मासा लागलाच तर आधी हात पाण्यात बुडवायचे आणि मगच त्याला धरायचं, असं शिकवणाऱ्या बाईंनी सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं. कोरड्या हातानं त्याची कातडी सोलवटते. गळ अलगद काढायचा, मासा पाण्यातच दोन्ही तळव्यांवर धरायचा आणि तो आपला आपण निघून जाईपर्यंत थांबायचं. घरी कोणी काही नेणार नाही. बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. मासेवाल्यानंही डोलावली, जरा जास्तच जोरात, कारण मागे काठावर त्याचे व्याही उभे होते आणि त्यांच्या शेजारी त्याची लेक.

फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे गळाला पिसांची खोटी माशी लावून मासे धरायच्या, वर्गाचा हा सहावा आणि शेवटचा तास. पहिले चार तास शाळेच्या मैदानावर झाले होते, दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून. गवतावर मासे धरायला शहाणीसुरती माणसं आपली सुटी घालवतात, याचं त्याला आधी हसू आलं होतं. काठी हातात आल्यावर ते हसू जिरलं. दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे टाकायची, आणि त्याला नेमकं ते थांबणंच जमेना. बाजारात थांबून कुणाचं भागलंय? तेहतीस वर्षं मासे विकणाऱ्या या माणसानं जन्मात एकही मासा स्वतः पकडलेला नाही, हे कळल्यापासून वर्गातली पोरं त्याला जरा जास्तच प्रेमानं काका म्हणायला लागली होती.

हे खूळ लेकीनं डोक्यात भरवलेलं. लग्नाला चार वर्षं झाली, तेवढ्या काळात तो तिच्या घरी तीनदा गेला. तिन्ही वेळा दोन-दोनदा आंघोळ करून गेला आणि तरीही सोफ्याच्या कडेलाच बसला. व्याही गोड बोलत, पण हवापाण्याच्या पुढे गाडी सरकत नसे. सासरे दर रविवारी तळ्यावर जातात, तुम्हाला येत असलं तर तुम्हालाही नेतील, असं लेक म्हणाली होती. "येताना मग घरी याल ना, बाबा." त्या 'याल ना'साठी तो तळ्यातच काय, विहिरीतही उतरला असता. व्याह्यांनीही शब्द दिला होता. शेवटच्या तासाला येतो, बघू तुमचा हात, जमतंय असं दिसलं तर पुढच्या रविवारपासून बरोबरच जाऊ.

आभाळ भरलेलं होतं. पाण्याला रंग असा नव्हताच. त्यानं काठी मागे नेली आणि मनातल्या मनात दोन अंक मोजले. दोरी पाठीमागे सरळ झाल्याचं हाताला कळलं, तशी त्यानं ती पुढे सोडली. पिसांची ती खोटी माशी पाण्यावर अशी टेकली की बाईंनीही मान वळवून पाहिलं. त्याला वाटलं, झालं, आता हे कुणी आपल्याकडून काढून घेऊ शकत नाही. आणि तेवढ्यात दोरी ताणली गेली.

"वा, व्याहीबुवा," मागून आवाज आला. हातचं राखून बोलणारा माणूस, पण आवाज खरा खूश होता. लेक तर चपला काढून काठावरून पाण्यापर्यंत आली.

त्यानं मुळीच घाई केली नाही. मासा सावकाश जवळ आणला. काठी काखेत धरली, हात ओले केले. गळ असा काढला की माशाला ओरखडा नाही. वीतभरच मासा, पण तळव्यावर त्यानं अशी उसळी मारली, जशी दुकानातल्या टाकीतून काढलेले शे-दीडशे मासे रोज मारतात. आणि मग हातानं त्याला विचारलंच नाही. अंगठा कल्ल्यात गेला, मनगट फिरलं, मान मोडल्याचा बारीकसा आवाज झाला. तो वळला. समोर बघत उभा असलेला माणूस दिसला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"कापून देऊ की अख्खा?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाईंनी खाली बघत आपली दोरी गुंडाळायला घेतली. तेव्हा कुठे त्यानं हातात पाहिलं. तो गुडघ्याएवढ्या पाण्यात वाकला आणि शिकवलं होतं तसा मासा दोन्ही तळव्यांवर सरळ धरून थांबला. मासा कुशीवर कलंडला. त्यानं सरळ केला. मासा पुन्हा कलंडला. मान वर करण्यापेक्षा हे सोपं होतं.

"राहू द्या हो," व्याही म्हणाले. "हाताला वळण पडलेलं असतं, त्याला कोण काय करणार." मग घसा खाकरून त्यांनी पुढचं सांगितलं, की येत्या रविवारी ते काही तळ्यावर नसतील. जरा जायचंय.

"कुठे?" त्यानं विचारलं. खोदून विचारायचं नव्हतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं.

व्याह्यांनी सुनेकडे पाहिलं. ती ओल्या पायांनीच चपला घालत होती. पट्टा लागत नव्हता, तो तिनं दोनदा लावून पाहिला.

"बाहेरगावी, बाबा," ती म्हणाली.